श्वास चालू ठेवावा

पाण्याखाली कुणीतरी माझ्या छातीच्या हाडावर दोन बोटांनी टकटक केली, बंद दारावर करतात तशी. मी दचकून समोर बघितलं तर स्कुबा शिकवणाऱ्या बाई माझ्यापुढे गुडघे टेकून बसलेल्या, आणि तोंडापुढे हात हलवत होत्या, पुढे मागे, पुढे मागे. मला कळेना काय म्हणतायत ते. माझं सगळं बरोबर चाललं होतं. तलावाच्या फरशीवर मी सांगितल्याप्रमाणे बसले होते, पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचा पट्टा, तोंडात हवा देणाऱ्या रेग्युलेटरचं रबर. दोन हातांवर माझी मुलगी मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढायचा सराव करत होती, आणि मी तिच्याकडे बघत होते. बाईंनी माझ्या दंडाला धरून मला सरळ उभं केलं. पाणी जेमतेम छातीपर्यंत होतं. रबर तोंडातून काढून मी विचारलं, काय झालं? "श्वास घेत नाही तुम्ही," बाई म्हणाल्या. मी? "तुम्हीच. सगळ्यांचे बुडबुडे येतायत, तुमचे कुठे आहेत?" तेवढ्यात नवराही पाण्यातून वर आला, आणि मुलगीही. नवरा भूगोल शिकवतो. जगातल्या सगळ्या समुद्रांची खोली त्याला तोंडपाठ आहे आणि पोहता येतं ते कॉलेजच्या तलावापुरतं. तो खो खो हसत सुटला. "अहो बाई, ही भूलतज्ज्ञ आहे! लोकांचे श्वास चालू ठेवणं हाच हिचा धंदा. दिव्याखाली अंधार तो हाच." बाई हसल्या नाहीत. "लोकांना वाटून स्वतःला उरत नसेल," म्हणाल्या, आणि पुन्हा खाली बसायची खूण केली. मुलगीही हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला यात नवं काहीच वाटलेलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं.

राग आला मला. खरं तर राग येण्यासारखं काही नव्हतं, पण सतरा वर्षांच्या मुलीसमोर कुणी आपल्याला आपल्याच धंद्यात नापास केलं की माणूस चिडतोच. या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहिली होती, श्वास कधीही रोखू नये, आणि खडू टाकून म्हणाल्या होत्या, "मंडळी, बाकी सगळं विसरलात तरी मी बघून घेईन. हे विसरलात तर मीही काही करू शकत नाही." आवाज चिरका, चालणं दणदण, म्हणून नवऱ्याने त्यांचं नाव ठेवलं हेडबाई. हेडबाईंनी फुग्याचं उदाहरण दिलं. खाली भरलेली हवा वर येताना फुगते. श्वास चालू असेल तर ती निघून जाते, रोखलेला असेल तर जाणार कुठे? मी मागच्या बाकावर हाताची घडी घालून ऐकत होते. मला कसला फुगा सांगता. मी फाटलेली फुप्फुसं उघड्या छातीत बघितली आहेत, ओलसर, गुलाबी, करडे ठिपके असलेली, आणि फाटलेल्या जागी हवेचा बारीक फेस. वर्गात सगळ्यात जास्त मला माहीत होतं आणि वर्गात एकटी मीच श्वास रोखत होते.

संध्याकाळी तिघं भाड्याच्या खोल्यांकडे चालत निघालो. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही; जिन्यात कायम रंगाचा आणि गंजाचा वास. रस्त्यावर फुटपाथ खणून ठेवला होता म्हणून एकामागे एक चालत होतो, नवरा पुढे, मग मुलगी, मग मी. आम्ही तिला घरात खारू म्हणतो, लहानपणी कुठेही सरसर चढायची म्हणून. खारू मागे न बघता म्हणाली, "तू नेहमीच रोखतेस, आई." काय रोखते? "श्वास. मला लहानपणापासून माहितीये. मी झोपाळ्यावर उभी राहायचे ना, तेव्हा मागे तुझा आवाज बंद व्हायचा. मग मला कळायचं, तू बघतेयस." काहीतरीच काय, मी म्हटलं. "अगं खरंच. सायकल शिकताना. पहिल्यांदा एकटी रस्ता ओलांडला तेव्हा. बारावीचा निकाल बघताना तर मी आधी तुझ्याकडेच वळले, म्हटलं हिला चक्कर येईल." पुढून नवरा म्हणाला, "आणि माझ्याकडे बघताना?" "तुमच्याकडे बघताना ती सुस्कारे सोडते, बाबा." ती दोघं हसली. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की समोर खणलेल्या खड्ड्यावरच्या फळीवर खारूने पाय ठेवलाय आणि माझी छाती भरून थांबलेली आहे. फळी चांगली रुंद होती.

ही सवय मला कुणी लावली हे मला पक्कं ठाऊक आहे. माझे सर. शिकत असताना पहिल्यांदा पेशंटच्या घशातून नळी घालायला त्यांनी मला उभं केलं, आणि कानाशी येऊन म्हणाले, पेशंटचा श्वास तू बंद केलास, आता तुझाही बंद कर. तुला श्वास घ्यावासा वाटत नाही तोवर त्याच्याकडे वेळ आहे, तुला घ्यावासा वाटला की त्याचाही जीव घुसमटलाय असं समज, नळी सोड आणि आधी त्याला हवा दे. असं शिकवायची तेव्हा पद्धत होती. आता मॉनिटर सगळं सांगतात, नवी पोरं गप्पा मारत नळी घालतात, पण माझ्या अंगात ते मुरलं. डोकं मागे कलतं केलं, जबडा उचलला की माझी छाती आपोआप थांबते; नळी जागेवर बसून पेशंटची छाती वर आली की माझीही सुटते. हजारो माणसांबरोबर मी अशी थोडी थोडी गुदमरलेली आहे आणि त्यांच्यातल्या एकालाही ते माहीत नाही. पेशंट शुद्धीवर आल्यावर सर्जनचे पाय धरतो. माझं तोंडही त्याच्या लक्षात नसतं, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही. पण घरात हे कधी शिरलं? खारू झाली तेव्हा मी कमरेखाली बधिर होऊन टेबलावर पडले होते, माझ्याच थिएटरमध्ये, डोळ्यांपुढे हिरवा पडदा. पडद्यामागे ती बाहेर आल्याचं मला हिसक्यावरून कळलं, पण आवाज आला नाही. कोपऱ्यातल्या गरम दिव्याखाली माणसं वाकलेली, कुणी बोलत नव्हतं, आणि न बोलण्याचा अर्थ त्या खोलीत माझ्याइतका कुणाला कळत नव्हता. मी श्वास धरला. जणू माझी तिथे नळी घालायची पाळी होती. मग ती रडली. माझ्या डोक्याशी बसलेली मैत्रीण नंतर म्हणाली, तुझा ऑक्सिजन का उतरत होता तेच मला कळेना.

ही सुट्टी खारूने मागून घेतली होती. पुढच्या महिन्यात ती शिकायला लांब जाणार, आगगाडीने एक दिवस आणि एक रात्र, आणि जायच्या आधी तिघांनी मिळून एक नवीन गोष्ट शिकायची असं तिने ठरवलं. स्कुबाचं नाव तिनेच काढलं. पाण्याखाली दोघादोघांच्या जोड्या असतात, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची, एकाची हवा संपली तर दुसऱ्याने द्यायची, हे कळल्याबरोबर मी मनात ठरवून टाकलं की खारूची जोडीदार मीच. दुसरं मला या सुट्टीतून काहीही नको होतं. ती गेल्यावर तिच्यावर नजर ठेवायला मी तिथे असणार नव्हते. निदान एकदा तरी, जिथे चूक झाली तर खरंच जीव जातो अशा ठिकाणी, मी तिच्या शेजारी असावं असं मला फार वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, तू सुट्टीवर आलीयस की ड्यूटीवर?

दुसऱ्या दिवशी दुपारी खारू झोपली आणि मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. सराव. तिच्याकडे बघायचं आणि श्वास चालू ठेवायचा. उन्हाने खोली तापलेली, खालून दुकानात पत्रा कापल्याचा आवाज. तिचा एक हात गादीबाहेर लोंबत होता, कपाळावर घाम. आत, बाहेर. इतकं सोपं काम मी आयुष्यात कधी मुद्दाम केलं नव्हतं, आणि मुद्दाम करायला गेल्यावर ते भलतंच अवघड निघालं, जिना उतरताना पायांकडे लक्ष दिलं की होतं तसं. तिने कूस बदलली, तोंड उशीत गेलं, आणि मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून. नवरा आंघोळ करून आला आणि दारातच उभा राहिला. "काय चाललंय?" सराव. "तिच्याकडे बघत धापा टाकायचा?" मी म्हटलं, तू गप्प बस. तो गप्प बसला, माझ्याजवळ येऊन पलंगाच्या कडेवर टेकला आणि टॉवेलने कान पुसत हळू आवाजात म्हणाला, "ती जाणार आहे गं. आपण इथे कितीही दम घेतला तरी." मला त्याचा इतका राग आला की तेवढा वेळ तरी माझा श्वास जोरजोरात चालू राहिला.

समुद्रात उतरायच्या आदल्या संध्याकाळी मी हेडबाईंना गाठलं. त्या अंगणात नळाखाली जॅकेटं धूत होत्या. त्यांचा शिकवण्यातला जोडीदार, एक दाढीवाला अबोल माणूस, ती दोरीवर टांगत होता. मी म्हटलं, मला मुलीबरोबर ठेवा. हेडबाईंनी नळ बंद केला. "तिला बघितलं की तुमचा श्वास अडकतो. आणि तुम्हाला तिच्याबरोबरच जायचंय?" हो. "का?" मी म्हटलं, मी तिची आई आहे, आणि बोलता बोलताच मला ते पोकळ वाटलं. हेडबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात भाजी बघावी तसं. "ठीक. एक बुडी. पुन्हा रोखलात तर जोडी मोडली, मग मला समजवायला यायचं नाही." दाढीवाल्याने मान हलवली, पण ती माझ्या बाजूने की त्यांच्या, हे कळलं नाही.

सकाळी होडीत वारा होता. बसल्या जागी खाली वर, खाली वर. एकमेकांचं सामान तपासायचं असतं. मी खारूचे पट्टे, बकला, सिलिंडरची चावी, हवेचा काटा, दोन्ही रेग्युलेटर असे तपासले जसं मी रोज सकाळी थिएटरमधलं माझं मशीन तपासते, क्रमाने, हात लावून, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. "आई, झालं," खारू म्हणाली. मग तिने माझं तपासलं, पटापट, आणि शेवटी माझ्या छातीवर तळवा ठेवून म्हणाली, "हे चालू ठेव हं." आम्ही पाठीवर उलटून पाण्यात पडलो. दोर धरून खाली जाताना कानात दडे बसले, ते सोडवले, आणखी खाली, पाणी हिरवं होत गेलं आणि गार. वाळूवर गुडघे टेकले. नवरा आणि दाढीवाला थोडे पलीकडे. नवऱ्याच्या तोंडून बुडबुड्यांचा नुसता धबधबा चाललेला. माझे बुडबुडे मी ऐकत होते. आत खरखर, बाहेर गडगड. छान चाललं होतं. हेडबाईंनी खारूला खूण केली: मास्क पूर्ण काढ, पुन्हा घाल. तलावात हे तिने डझनभर वेळा केलं होतं. तिने दोन्ही हातांनी मास्क उचलला, आणि तिचा चेहरा उघडा पडला. डोळे घट्ट मिटलेले, केस वर तरंगणारे, नाक उघडं, ओठांत रबर. त्या पाण्यात तिचा रंग निळसर दिसत होता. तो रंग मला माहीत आहे. ज्या रंगाची मी आयुष्यभर वाट बघत बसते, तो येऊ नये म्हणून, तोच. तो पाण्यामुळे होता, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर मला वाटलं की खारू खाली जातेय. ती बसलेलीच होती, पण लहान होत होती, वाळूसकट खाली खचत होती, आणि मी हात पुढे केला तर पोचेना. मी वर चाललेय हे मला समजलंच नाही. छाती भरलेली होती आणि भरलेली छाती माणसाला उचलते, हे वर्गात सांगितलेलं होतं. आता उजेड वाढला. बरगड्यांच्या आत काहीतरी ताणलं गेलं, मोठं व्हायला लागलं, आणि तेव्हा मला कळलं, अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखं स्वच्छ कळलं, की काय होतंय आणि पुढच्या क्षणी काय होणार. आणि तरी मी सोडला नाही. सोडायचा तर तिचा मास्क अजून तोंडावर चढलेला नव्हता. मी सोडला आणि तिला काही झालं तर? इतका वेडा हिशोब मी करत होते. मरणाची भीती वाटत होती, भयंकर वाटत होती, पण त्या भीतीहून खारूसाठीची भीती मोठी होती. मग घोट्याला पकड बसली. नखं रुतण्याइतकी. कुणीतरी मला खाली खेचत होतं. खाली बघितलं तर खारू, मास्क कसाबसा चढवलेला, अर्धा पाण्याने भरलेला, त्यातून एक डोळा दिसत होता. बाजूने हेडबाई आल्या आणि त्यांनी माझ्या पोटात गुद्दा मारला. चांगला जोरात. माझ्या तोंडून सगळी हवा एकदम सुटली, आणि त्या बुडबुड्यांमध्ये मला थोडा वेळ काही दिसलं नाही.

होडीवर मला आडवं केलं. कुठे दुखतंय का, हातपाय हलवा, खोका. मी खोकले, थुंकले, थुंकी निरखून बघितली. स्वच्छ होती. फाटलेल्या फुप्फुसातून सुटलेली हवा गळ्यापाशी कातडीखाली कुरकुरते का ते मी स्वतःच बोटांनी दाबून बघितलं. नाही. हेडबाई म्हणाल्या, पुरुषभरच वर गेला होतात, वाचलात. नवरा पांढराफटक पडला होता. त्याच्या तोंडून एकही विनोद निघेना आणि तेच मला सगळ्यात भयानक वाटलं. त्याने माझं पाऊल धरून ठेवलं होतं, नुसतं धरून. "जोडी मोडली," हेडबाई म्हणाल्या. मी उठून बसले. म्हटलं, एकदा अजून. मास्क काढायचा प्रकार नको, नुसतं फिरून येऊ, मी नीट करीन. स्वतःचा आवाज मला ऐकू येत होता, पेशंटचे नातेवाईक थिएटरच्या दाराशी बोलतात तसा, अजिजीचा. हेडबाई मानेनेच नाही म्हणत होत्या. मी खारूकडे वळले. तू सांग त्यांना, मी म्हटलं. सांग ना.

ती होडीच्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मास्कच्या रबराचा लाल वळ तिच्या कपाळावरून गालापर्यंत उमटला होता. "तुला धरलं ना," ती म्हणाली, "तेव्हा मी पण रोखला होता." तिने तळव्याने गालावरचा वळ चोळला. "तुला खाली खेचेपर्यंत. मला कळलंच नाही. तू वर चाललेलीस आणि मी पण सुटले असते तुझ्याबरोबर." मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. "मला असं नाही करायचं, आई. मला तुझ्यासारखं नाही व्हायचं." मी तिच्याकडे जायला उठले आणि होडी कलली म्हणून पुन्हा बसले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ वाईट बातम्या ऐकल्या आणि सांगितल्या आहेत. ही बातमी माझ्याच अंगातून निघालेली होती. मी तिला डोळे दिले, हनुवटी दिली, चिडका स्वभाव दिला, ते सगळं मी हसत हसत मोजत आले. आणि हे मी तिच्या पाठीमागे उभी राहून, आवाज न करता, रोज थोडं थोडं दिलेलं होतं. मी हेडबाईंना म्हटलं, तिला तिच्या बाबांबरोबर द्या. कुणीतरी दुसरीच बाई बोलल्यासारखं वाटलं. हेडबाईंनी विचारलं, आणि तुम्ही? मला तुमच्याबरोबर न्या, मी म्हटलं, मला तिच्याकडे पाठ करून न्या.

उन्हात बरंच थांबलो. हेडबाईंनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, छातीत काही? काही नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, उथळात, दोराजवळ, आणि मी हात सोडणार नाही. आधी ती दोघं दाढीवाल्याबरोबर उतरली. खारूचे पट्टे तिच्या बाबांनी तपासले, एक बकल उलटं लावलं, दाढीवाल्याने सरळ केलं. मी होडीच्या फळीकडे बघत राहिले. मग आम्ही. खाली पोचल्यावर हेडबाईंनी मला खांद्यांना धरून खडकाकडे वळवलं. मागे, कुठेतरी डावीकडे, नवऱ्याच्या बुडबुड्यांचा गोंगाट ऐकू येत होता. तिचे त्यात कुठले, ते वेगळे काढायचा मी प्रयत्न केला. माझ्या मानेचा प्रत्येक स्नायू वळायला उठला होता. आत, बाहेर. तिने काटा बघितला असेल का? आत. बाहेर. तिचं ते बकल. मग गोंगाट लांब गेला आणि थांबला. ती मंडळी खडकाच्या पलीकडे वळली असणार. आता ऐकायलाही काही उरलं नाही, नुसता माझा एकटीचा श्वास, मशीनसारखा. ओरडावंसं वाटलं, पण तोंडात रबर होतं, आणि ओरडायलाही श्वास सोडावा लागतो. मी सोडला. हेडबाईंनी बोटाने खडकाच्या फटीत दाखवलं. तिथे एक खेकडा होता, अंगठ्याएवढा, मातकट. तो शेवाळाचे तुकडे तोडून स्वतःच्या पाठीवर चिकटवत होता. एक तुकडा चिकटेना. त्याने तो तोंडापाशी नेऊन चघळला, पुन्हा मागे नेला, दाबला, पडला. पुन्हा उचलला. दुसऱ्या पायाने पाठ चाचपली. आधीचे तुकडे जागेवर आहेत का बघत असावा. मग जागा बदलून दाबला, आणि तो बसला. हेडबाईंनी मनगट दाबून वर जायची खूण केली तेव्हा मी भानावर आले. मधला सगळा वेळ श्वास आपापला येत जात होता आणि मधला सगळा वेळ माझी मुलगी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. ते मला पाण्याखालीच कळलं, आणि मास्कमध्ये रडताही येतं हेही कळलं. फक्त पुसता येत नाही.

वर आले तेव्हा ती दोघं आधीच होडीत चढलेली होती. शिडीपाशी पोचताच खारूचा आवाज आला, टिपेला गेलेला. तिने काहीतरी बघितलं होतं. लांबलचक, चपटं, वाळूतून एकदम उठलं आणि चादर झटकावी तसं गेलं, आणि तिच्या बाबांनी ते बघितलंच नाही कारण ते तेव्हा आपल्या पायातल्या फिनचा पट्टा शोधत होते. "तुमच्या नाकासमोरून गेलं हो!" ती हाताने ते कसं गेलं ते दाखवत होती, ओले केस उडवत, पाठ माझ्याकडे. बाबा म्हणत होते, थांब, थांब, शेपटी होती का, किती लांब, रंग कसा? ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. मी शिडीची खालची पायरी धरून पाण्यात लोंबकळत होते. हेडबाई मागून म्हणाल्या, "चढा ना, दमला असाल."

"थोडं थांबू," मी म्हटलं. "तिचं सांगून होऊ दे."